मी ‘खाली, खाली’ ओरडले तेव्हा

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे चकवा नको. होळीच्या आधीच्या आठवड्यात एका छोट्या हेलिकॉप्टरला उडता उडताच अपघात झाला. त्यात मी होते आणि माझे यजमान होते. माझा मणका मोडला. ते गेले. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून जो एक शब्द निघाला, त्याच्यामुळे ते गेले का, हा प्रश्न मी सात महिने उराशी धरून पडून होते.

आमच्या मंडळातल्या बायका म्हणाल्या, "काकू, मणक्याच्या दुखण्यावर लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. बोलता तसंच लिहा." बोलता तसं म्हटलं म्हणून हिंमत झाली. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मासिकं वाचून वाचून आलेलं. तर मणक्यावर लिहीनच. पण त्या शब्दाला टाळून मला मणक्यावर लिहिता येत नाही. लिहायला बसलं की दोन्ही एकदम दुखतात.

डबा

आम्ही मूळचे मिरजेकडचे. ह्यांची विमा कंपनीत नोकरी. बदली होऊन जयपूरला आलो, दुर्गापुऱ्यात घर घेतलं आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. मुलगा मंदार इथेच वाढला. त्याचं मराठी म्हणजे एक पाय मिरजेत, एक पाय जयपुरात. सून किरण तर इथलीच, चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाआतल्या घरातली.

मंदारच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी किरणला म्हटलं, "तो चिवड्याचा डबा खाली ठेव गं." ती आत गेली, अख्खा चिवडा परातीत ओतला आणि रिकामा डबा घेऊन आली. "मम्मीजी, खाली कर दिया." आमच्याकडे खाली म्हणजे जमिनीकडे, तिच्याकडे खाली म्हणजे रिकामं. हे इतके हसले की त्यांना उचकी लागली. पुढे कितीतरी वर्षं जेवण झालं की ताट दाखवून म्हणायचे, "किरण, बघ, खाली केलं बरं का!"

म्हणजे मला माहीत होतं. हा शब्द इथे दगा देतो, हे माझ्या घरात सगळ्यात आधी मलाच माहीत होतं.

ती दुपार

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मंदारने दोघांना हेलिकॉप्टरची फेरी भेट दिली. वरून किल्ले बघायचे, दहा मिनिटांत परत. शहराबाहेर एका रिसॉर्टच्या मागच्या मैदानातून ते उडायचं. ह्यांना लहान मुलासारखा आनंद. चार दिवस आधीपासून शर्टाला इस्त्री.

त्या दिवशी वारा होता. पायलट अदबीचा माणूस, म्हणाला, "आंटीजी, हवा तेज़ है, थोड़ा रुकते हैं." मैदानाच्या कडेला खांबावर केशरी कापडाची नळी बांधली होती, ती वाऱ्याने भरून पार आडवी झाली होती. हे म्हणाले, "बघ, शर्टाच्या बाहीत कुणी हात घातलाय जणू."

मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना आज. परत येऊ."

"अगं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघाताचे कागद तपासले मी. आता अपघातच मला ओळखतात. मला काय होतंय!"

अर्ध्या तासाने वारा जरा पडला तसं आम्हाला बोलावलं. बसायच्या आधी दोघांना काट्यावर उभं केलं. कुणी कुठे बसायचं ते वजनावरून ठरतं म्हणे. माझा आकडा बघून हे त्या माणसाला म्हणाले, "इनको बीच में बिठाइए भैया, नहीं तो हम गोल-गोल घूमेंगे." मी त्यांना चिमटा काढला. पन्नास वर्षांतला शेवटचा चिमटा. पायलटच्या शेजारची जागा रिकामी ठेवली. मागे आम्ही दोघं, हे डावीकडे, मी उजवीकडे.

जमिनीवरून चार हात उचललं असेल नसेल. वाऱ्याचा एक लोट आला, शेपूट गर्रकन फिरलं, खालची दांडी जमिनीला अडकली आणि सगळं यंत्र डाव्या अंगावर आडवं झालं. आवाज काय सांगू. लोखंडी कपाटं जिन्यावरून ढकलावीत तसा.

मग एकदम शांत. मी पट्ट्याला लटकत होते. मी वर, हे बरोबर माझ्या खाली. मधे धूळ, उचकटलेली गादी, वाकलेला पत्रा, माझी शाल. ते दिसत नव्हते. इंधनाचा वास येत होता. कमरेखालचं अंग मला जाणवत नव्हतं, पण तेव्हा ते कळायलासुद्धा सवड नव्हती.

वरच्या दारातून एक माणूस आत वाकला. डोक्याला गमछा बांधलेला. "माताजी, और कौन है अंदर?"

मी ओरडले, "खाली! खाली! खाली!"

त्याने मान वळवून बाहेरच्यांना हाक दिली, "खाली है! और कोई नहीं!" आणि दोघातिघांनी माझे दंड धरून मला ओढून काढलं.

चौतीस वर्षं मी जयपुरात राहते. भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, शेजारणीचं सांत्वन हिंदीत करते, कधी कधी स्वप्नंही हिंदीत पडतात. पण त्या क्षणी मला ‘नीचे’ हा शब्द सापडला नाही. आईच्या पोटातून आणलेला तेवढा वर आला.

मला लांब नेऊन मातीत निजवलं. आम्हाला ज्याने बसवलं होतं तो माणूस पुढच्या बाजूला पायलटला काढण्यात गुंतलेला. पायलट बेशुद्ध होता, तो पुढे वाचला. मग कधीतरी त्याच माणसाचा आवाज आला, "दूसरे अंकल कहाँ हैं?" आणि पळापळ झाली. आठ मिनिटं झाली होती की दहा, कुणी घड्याळ लावलं नव्हतं. मला तेवढंच आठवतं. पुढचं सगळं अंधारात.

टिकली

सरकारी इस्पितळात शुद्ध आली ती छताकडे बघत. डॉक्टर पायांशी उभे राहून म्हणाले, "माताजी, अंगूठा हिलाइए." मी हलवला, म्हणजे मला वाटलं की हलवला. ते थांबले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "थोड़ा है. थोड़ा भी बहुत है." कमरेच्या वरचा एक मणका फुटला होता. ऑपरेशन करून सळ्या घालायच्या, पुढे चालणं जमेल की नाही ते आज सांगता येत नाही. माझं निदान हे एवढंच. मी त्यांना विचारलं, "और ये?" डॉक्टरांनी मंदारकडे बघितलं. मंदार म्हणाला, "आई, बाबा दुसऱ्या वॉर्डात आहेत."

किरण रोज सकाळी ओल्या रुमालाने माझं तोंड पुसायची, केस नीट करायची, टिकली लावायची. तिसऱ्या दिवशी तिने टिकली काढली, बोटावर धरली आणि तशीच उभी राहिली. हात पुढे येईना, मागे जाईना.

"राहू दे, बेटा," मी म्हटलं.

ती माझ्या उशीवर डोकं टेकून रडली. मला रडताही येईना, हुंदक्याने पाठीत सुऱ्या फिरायच्या. अग्नी देऊन झाला होता. मी ह्यांचा चेहरा पाहिला नाही.

आणि त्याच दुपारी, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा आयाला म्हणाला, "बहनजी, बोतल खाली हो गई." सलाईनची बाटली. मी ते ऐकलं आणि मैदानातला तो आवाज माझ्या कानात पुन्हा आला, "खाली है! और कोई नहीं!" या वेळी मला तो समजला.

आरसा

इस्पितळातले दिवस सांगण्यासारखे नसतात, एकासारखा एक. दर दोन तासांनी चार जण येणार, चादर धरणार, "एक, दो, तीन" म्हणून मला लाकडाच्या ओंडक्यासारखी कुशीवर वळवणार. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. लघवीला नळी. बाकीचं आयाच्या हाती. त्या आयाचं नाव संतोष. इकडे बाईचंही नाव संतोष असतं. पहिल्या दिवशी मी लाजेने डोळे मिटून घेतले तर म्हणाली, "माँजी, शरमाओगी तो मैं भी शरमाऊँगी, फिर काम कौन करेगा?" मी हसले. हसल्यावर पाठीत कळ आली, तरी हसले.

ज्यांच्या घरी कुणी असं उताणं पडून आहे त्यांना एक सांगते. त्यांना हातात धरायचा आरसा द्या. मी एकोणीस दिवस फक्त छत आणि पंखा बघितला होता. भेटायला येणारे वरून वाकून बघायचे, सगळ्यांच्या नाकपुड्याच दिसायच्या. एके दिवशी किरणने तिच्या पर्समधला छोटा आरसा दिला. तो तिरका धरला तर दार दिसायचं, खिडकी दिसायची, बाहेरच्या कडुनिंबाची नवी पानं दिसायची. औषधांनी जे केलं नाही ते त्या आरशाने केलं. पण त्यात मी स्वतःकडे बघत नव्हते. स्वतःकडे बघवत नव्हतं.

दोन चोर

घरी आले ती पट्टा बांधून, स्ट्रेचरवरून. पायांत हळूहळू जीव येत होता. डॉक्टर खूश, म्हणाले, आता उभं राहायचं. व्यायाम करून घ्यायला शबाना नावाची मुलगी यायची. जिभेची तिखट, हाताची मऊ.

"दादी, आज दस कदम."

"आज नको गं. चक्कर येते."

"चक्कर मुझे देख के आती है क्या? कल मैं बुरका पहन के आऊँगी."

तिच्या बोलण्याने सगळं घर हसायचं, मी मात्र वॉकरला हात लावायची नाही. उठवलं तर उभी राहायची, सोडलं की बसायची. शबानाने शेवटी किरणला बाजूला घेऊन सांगितलं, "भाभी, पैर ठीक हैं. दादी का मन नहीं है." खरंच नव्हतं. उभं राहून जायचं कुठे? स्वयंपाकघरात? ज्यांच्यासाठी जायची त्यांना तर मी खाली ठेवून आले होते.

मंदारचं वेगळंच. ऑफिसातून यायचा, माझे पाय चेपायचा, औषध द्यायचा, पण डोळ्याला डोळा देत नव्हता. एकदा किरण मला म्हणाली, "मम्मीजी, वो बोलते हैं, टिकट मैंने लिया था." मी तिला म्हटलं, "त्याला सांग, वाऱ्याला तिकीट लागत नाही." सांगितलं हे, पण माझा शब्द मी सांगितला नाही. तो सांगितला असता तर त्याच्या मनावरचं ओझं उतरलं असतं, हे कळत होतं. तरी तोंड उघडेना. मुलगा काय म्हणेल? "आई, तुला तर माहीत होतं." एवढंच म्हणाला असता तरी मी संपले असते. एका घरात आम्ही दोन चोर राहत होतो, एकमेकांना चुकवत.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, "दस मिनट पहले निकालते, तो ये बचते?" ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "कह नहीं सकता, माताजी." खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

भंवरजी

दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. पिशवीत पेरू. डोक्याला गमछा. मी चेहरा ओळखला नाही, गमछा ओळखला. पोलिसांच्या कागदावरून पत्ता काढून आले होते. भंवरजी, त्या रिसॉर्टचे माळी. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून.

"माताजी, सात महीने से सोच रहा था, किस मुँह से आऊँ."

मला वाटलं, मीच बोलेन आधी. तर तेच म्हणाले, "मैंने बोला था खाली है. मैंने ठीक से देखा नहीं. गलती मेरी थी."

किरण चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

मी म्हटलं, "भंवरजी, तुम्ही चुकला नाहीत." मराठीतच म्हटलं, मग सावरून हिंदीत सांगितलं. आमच्या बोलीत नीचेला खाली म्हणतात. मी सांगत होते की ते नीचे आहेत. चूक तुमच्या कानाची नाही, माझ्या जिभेची आहे.

त्यांनी विचारलं, "नीचे को खाली बोलते हो आप?"

"हाँ."

किरणने चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि तिथेच बसली. तिला चिवडा आठवला असणार.

मग मी ते विचारलं, जे विचारायला मी सात महिने भीत होते. "तुम्ही परत गेलात तेव्हा श्वास होता?"

"था, माताजी." गमछ्याने तोंड पुसलं. "आँख खुली थी. कुछ बोल भी रहे थे. हमको समझ नहीं आया."

"काय बोलत होते?"

"वर... वर. बस यही. वर, वर. मैंने सोचा घर में किसी की शादी होगी, दूल्हे को याद कर रहे हैं. मैंने बोला, हाँ साहब, हाँ. तसल्ली देने को. फिर निकालते-निकालते चुप हो गए. रस्ते में..."

मराठी वाचणाऱ्याला मी काय सांगू. वर म्हणजे वर. त्यांच्या वर मी होते. पट्ट्याला लटकत. ते पत्र्याखाली दबलेले, डोळ्यांत धूळ, त्यांना काय माहीत की मला केव्हाच काढलंय. जो कुणी हात आत येईल त्याला सांगत होते, वर बघा, आधी तिला काढा.

म्हणजे दहा मिनिटं ते जिवंत होते. माझ्या शब्दाने ती दहा मिनिटं खाल्ली. हे मी कुणाला नाकारू देत नाही, मंदारलाही नाही. "आई, तसं नसतं" म्हणणारे खूप येतात, त्यांना मी चहा पाजते आणि गप्प बसते.

भंवरजींना मी ‘वर’चा अर्थ सांगितला. ते उठून दाराबाहेर गेले, तुळशीजवळ पाठ करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले, पेरू किरणच्या हातात दिले आणि म्हणाले, "तो साहब आपका बता रहे थे, और मैं हाँ-हाँ करता रहा." मी म्हटलं, "ठीकच केलंत. त्यांना वाटलं असेल, ऐकलं कुणीतरी."

असं म्हटलं खरं. पण खात्री कशाची?

संध्याकाळी

मंदार आला तसं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डब्यापासून. तो ऐकत गेला. संपल्यावर म्हणाला, "मला वाटत होतं, तू माझ्यावर नाराज आहेस. म्हणून चालत नाहीस."

"वेड्या, तुझ्यावर?"

"मग कुणावर?"

मी त्याचा हात धरला. त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळिशी ओलांडलेला पोरगा, टक्कल पडत चाललेला. किरण शेजारी येऊन बसली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मम्मीजी, पापाजींना कोणी सांगितलं नाही ना, की तुम्ही बाहेर आल्या?"

सात महिने मी माझाच हिशेब करत होते, मी काय बोलले, मी काय नाही बोलले. ते काय मनात घेऊन गेले हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वर अडकलेय असंच समजत गेले ते.

पेशंट उठत नाही म्हणजे तो आळशी असतो असं नाही. घरातल्या माणसांनो, पाय चेपता चेपता त्याला विचारा की आत काय बोचतंय. लगेच सांगणार नाही. तरी विचारत राहा.

दुसऱ्या दिवशी शबाना यायच्या आधी मी किरणला हाक मारली आणि वॉकर मागितला. खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून दारापर्यंत, एकोणीस पावलं. घामाने पोलकं भिजलं, मांड्या थरथरत होत्या. शबाना जिना चढून आली तर मी दारात उभी.

आता रोज चालते. कुणी बरोबर आलेलं मला नको असतं, कारण चालताना मी ह्यांच्याशी बोलते आणि लोकांना वाटतं, म्हातारी सरकली. जे त्यांना कुणी सांगितलं नाही ते मी सांगते. मराठीत सांगते, म्हणजे चुकायला नको.

अहो, मला काढलं हो. तुमच्या आधीच काढलं होतं. मी वर नाहीये. ही बघा, चालतेय.